समजा काकूंचा शेकडा

आधीच माफी मागून ठेवतो. व्यक्तिचित्रं लिहावीत ती लिहिण्याची सवय असलेल्यांनी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझं आजवरचं लेखन म्हणजे परीक्षेतले निबंध आणि एसटीच्या पासासाठी केलेला एक अर्ज. वार्षिकांकासाठी कोणावर तरी लिहा असं सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी खाली पाहत बसलो होतो. शिवाय ज्या बाईंबद्दल लिहितो आहे त्यांची परवानगीही मी घेतलेली नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "माह्यावर कायले लिहितं बे, मेथीवर लिही." तरी लिहितो. त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट राहून गेली होती, आणि ती सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येईल असं वाटत नाही.

रिसोडच्या आठवडी बाजारात पालेभाजीच्या रांगेत माझी आई बसते. तिच्या शेजारच्या गोणपाटावर त्या बसायच्या, अजूनही बसतात. रेशन कार्डावर त्यांचं नाव वेगळं आहे, पण बाजारात सगळे त्यांना समजा काकू म्हणतात. त्यांचं कुठलंही बोलणं 'समजा'ने सुरू व्हायचं. गिऱ्हाईक जुडी हातात धरून विचार करत उभं राहिलं की, "समजा, तुमी दोन नेल्या आन पाहुने आले, मंग?" मुलगी सकाळी उठत नसली की, "समजा, तुही शाळेची गाडी आता गेली." नवऱ्याशी वाद झाला की, "समजा, मी आज माहेरी गेली." यावर काका शांतपणे म्हणायचे, "समजलं. चहा ठेव." आणि वाद तिथेच संपायचा.

त्यांच्या गोणपाटाखाली खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक असायचं. दहावीचं गणित, भाग पहिला. काकूंचं लग्न दहावीच्या वर्षीच झालं, परीक्षेला बसायचं राहून गेलं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून परीक्षा दिली आणि गणित सोडून सगळे विषय एका दमात काढले. गणित मात्र राहिलं. मी त्यांच्याकडे शिकायला बसलो तेव्हा त्या गणितात दोनदा नापास झालेल्या होत्या आणि तिसऱ्यांदा बसणार होत्या. त्यांची पल्लवी तेव्हा सहावीत होती. "पल्लवी दहावीत जायच्या आधी माही दहावी झाली पायजे," काकू म्हणायच्या. "नाई तर ती मले गणित इचारन, आन मी तिले सांगू काय, की माय नापास हाय?" त्यांच्या सासूबाई ओट्यावरूनच म्हणायच्या, "पास होऊन कलेक्टर होतं का?" काकू म्हणायच्या, "नाई. पास होतो."

नापास बाईकडे शिकायला मला कोणी पाठवलं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. दहावीच्या सहामाहीत मला बीजगणितात चाळीसपैकी नऊ मार्क पडले. आईला पेपर वाचता येत नव्हता, पण लाल शाई कळत होती. तिने तो बाजारात आणून काकूंपुढे टाकला आणि म्हणाली, "बाई, पाह्य वं याचं काय होऊन राह्यलं ते." काकूंनी ओले हात पदराला पुसले आणि सगळी पानं उलटून पाहिली. मला वाटलं, आता बोलणी बसतील. त्या आईला म्हणाल्या, "वैनी, आकडेमोड बरी हाये पोट्ट्याची. याले उतरवता येत नाई."

उतरवणं हा त्यांचा शब्द. गाडीवरून पोतं उतरवतात तसं समोरच्याचं बोलणं वहीत उतरवायचं. शाब्दिक उदाहरणं मला दिसली की मी घाबरायचो. त्यातल्या त्यात पैशाची जास्तच. वाक्यातला प्रत्येक आकडा मी उचलायचो, बेरीज करायचो, काहीतरी = काहीतरी असं लिहायचो. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तकातलं एक उदाहरण मला मोठ्याने वाचायला लावलं. पाच रुपयांची आणि दहा रुपयांची मिळून तीस नाणी, एकूण रक्कम दोनशे वीस, तर प्रत्येक प्रकारची नाणी किती? मी लिहिलं, x + y = 220. काकूंनी बटव्यातली नाणी गोणपाटावर ओतली.

"x म्हंजे काय धरलं तू?"

"पाचवाले."

"पाचवाले काय? नाणे का रुपये?"

मी वहीतला x पुन्हा गिरवला.

"पाचवाले किती हायेत ते आपल्याले माहीत नाई. जे माहीत नाई त्याले नाव दे. समजा, x नाणे. आता हे नाणे मोज." त्यांनी माझा हात धरून नाण्यांवरून फिरवला. "मोजले तर तीस. ही झाली एक ओळ. आता याच नाण्याईचे पैसे कर. एका नाण्याचे पाच, तर x नाण्याईचे?"

"पाच x."

"मंग? नाण्यात पैसे मिसळून राह्यला होता तू. मेथीत पालक मिसळला तर गिऱ्हाईक घेते का? एक ओळ मोजायची, एक ओळ पैशाची."

त्या दिवशी सोळा आणि चौदा हे उत्तर मी काढलं आणि गोणपाटावर तेवढी नाणी लावून बरोबर दोनशे वीस होतात हे पाहिलं. मी पुढे बीएस्सीला गणित घेतलं त्याचं कारण कोणी विचारलं तर मी काहीतरी भारदस्त सांगतो. खरं कारण ती नाणी आहेत. त्यातलं एक दहाचं नाणं बोळात घरंगळत गेलं होतं आणि ते शोधायला आई, काकू आणि मी तिघंही गोणपाट उचलत होतो.

काकूंचा दुसरा नियम होता की उदाहरण खालून वाचायचं. "गिऱ्हाईक आल्याबरुबर काय इचारते? मेथी कशी देली. घरी किती माणसं हायेत, मुलगा काय खाते, हे मांगून सांगते. तू आधी शेवटचं वाक्य वाच. इचारलं काय ते पाह्य. बाकीच्या गप्पा मंग." मी अजूनही असंच वाचतो. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात आला की माझे डोळे आधी प्रश्नचिन्ह शोधतात.

आणि काकू चालत्या बाजाराचीच गणितं करायच्या. एकदा चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. तीन जुड्या मेथी, दोन पालक घेतला आणि म्हणाल्या, सत्तर देते. काकूंनी हो-नाही करत दिलं. बाई वळताच काकू माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मांगच्या बाजारी याच बाईनं दोन मेथी आन तीन पालक पासष्टले नेला होता. समजा, बाईनं मनात एकच भाव धरून ठेवला हाये. मेथीची जुडी कितीले धरली तिनं? उतरव." मी वहीत उतरवलं. सोळा. पालक अकरा. काकू म्हणाल्या, "सोळा आन अकरा. आता घरी जाऊन निवडून, चिरून, फोडनी देऊन येऊ का तिले?" आई एवढी हसली की तिच्यासमोरचं गिऱ्हाईक गोंधळून निघून गेलं.

हे सगळं येणारी बाई नापास का होते, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. कळलं तेव्हा फेब्रुवारी महिना होता.

आमच्याकडे पहाटेच्या हर्रासीत, म्हणजे लिलावात, पालेभाजी शेकड्याने जाते. पण शेकडा म्हणजे शंभर जुड्या नव्हेत, एकशेपाच. काही जुड्या पिवळ्या निघतात, काही सुटतात, म्हणून घेणाऱ्याला पाच वरच्या. कोणी हे सांगत नाही, कोणी विचारत नाही. काकू स्वतःची मेथी विकताना एकशेपाच मोजून द्यायच्या आणि दुसऱ्याची घेताना एकशेपाच मोजून घ्यायच्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून.

सराव-पुस्तकात एक उदाहरण होतं. एका भाजीवाल्याने एक शेकडा जुड्या आणल्या. काही पंधरा रुपयांना विकल्या, उरलेल्या दहा रुपयांना. एकूण तेराशे रुपये आले. तर प्रत्येक भावाने किती विकल्या? मी शंभर धरून उत्तर काढलं, साठ आणि चाळीस. पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी ताडून पाहिलं, बरोबर. मग काकूंच्या वहीकडे नजर गेली. त्यांनी लिहिलं होतं, x + y = 105. त्यांचं उत्तर पन्नास आणि पंचावन्न आलं होतं, आणि गंमत म्हणजे तेही अगदी चोख जमत होतं. पन्नास पंधरे साडेसातशे, पंचावन्न दाहे साडेपाचशे. तेराशे.

"मांगचं उत्तर चुकलं हाये," काकू मला म्हणाल्या. "छापखान्यात गडबड झाली असन."

मी त्यांची वही दोन पानं मागे उलटली. सोयाबीनच्या एका उदाहरणात त्यांनी प्रत्येक पोत्यातून बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा केलं होतं. तिथेही समीकरण सुरेख होतं आणि उत्तर पुस्तकाशी जुळत नव्हतं, आणि तिथेही त्यांनी छापखान्याला दोष देऊन पुढचं पान उलटलं होतं. पुस्तकातला भाजीवाला त्यांना आपल्या बाजारातला माणूस वाटत होता. तो शेकड्याला शंभरच जुड्या देईल, इतका चिक्कू असेल, हे त्यांच्या मनातही येत नव्हतं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर आई होती, गिऱ्हाइकं होती, आणि ज्यांनी मला x म्हणजे काय ते शिकवलं त्यांना मी काय सांगायचं, असं वाटलं. दुसरंही एक वाटलं, तेही लिहून टाकतो. आपल्याला येतं आणि त्यांना नाही, याची मला थोडी मजा वाटली. अर्धा मिनिटच असेल. मग मी वही मिटून त्यांच्याकडे दिली आणि म्हणालो, "हो काकू, छपाईच चुकली असन."

निकाल लागला. मला गणितात शंभरपैकी बासष्ट मिळाले. काकूंना एकतीस. चार कमी. त्या माझ्यासाठी पेढे घेऊन घरी आल्या, माझ्या हातावर एक ठेवला आणि आईला हसत सांगितलं, "चार मार्क म्हंजे एक गणित, वैनी. पेपरात लिंबवाला आला होता. शेकड्यानं लिंबं इकत होता. म्हनलं, आपलाच माणूस हाये, हे तर सुटलं." मी पेढा हातात धरून उभा होतो. आई म्हणाली, खाय ना. मी खाल्ला.

पुढची दोन वर्षं काकूंनी फॉर्म भरला नाही. एका वर्षी सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या वर्षी विहिरीवरची मोटर जळाली. मी रिसोडला बारावी केली आणि वाशिमला कॉलेजात आलो. पल्लवी नववीत गेली. सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की आता एकदाच, या मार्चला, यानंतर फॉर्मचं नाव काढायचं नाही.

कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात गणिताच्या सरांनी मला फळ्यावर बोलावलं. मी उदाहरण सोडवलं, उत्तर बरोबर आलं. सर म्हणाले, "इथे काय गृहीत धरलंस?" मी म्हणालो, ते तर सगळ्यांना माहीतच आहे. सर म्हणाले, "जे तुला इतकं माहीत आहे की लिहावंसंही वाटत नाही, तेच आधी लिहायचं. ते तुझ्या डोक्यात आहे, तपासणाऱ्याच्या नाही." मी जागेवर येऊन बसलो. पुढचं काही ऐकू आलं नाही. मला गोणपाट दिसत होतं. जे माहीत नाही त्याला काकू 'समजा' म्हणायच्या. जे माहीत आहे त्याला त्यांनी कधीच 'समजा' म्हटलं नव्हतं.

दिवाळीला गावी गेलो. काकू वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी शेजारी बसलो, सुतळीचे तुकडे करून देऊ लागलो आणि ते एकशेपाचचं सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"पुस्तकात शेकडा म्हंजे शंभरच?"

"हो."

"हे तुले आता कॉलेजात कळलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "नाही काकू," मी म्हणालो. "दहावीतच दिसलं होतं. तुमच्या वहीत."

आता हात थांबले. "मंग बोलला काहून नाई?"

"तुमी शिकवत होत्या मले. कसं सांगू, असं झालं."

"आन म्हनून मले बुडू देलं." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "तीन वर्सं झाले बे. तीन वर्सं तू तोंडात काय धरून बसला होता, पेढा?"

मी सुतळीचा पुढचा तुकडा तोडला. त्यांनी पाच-सहा जुड्या बांधल्या, माझ्याकडे न बघता. मग बांधलेला ढीग माझ्यापुढे सरकवला. "मोज." मी मोजल्या. एकशेपाच होत्या. "हा शेकडा. मी शंभर लिहीन तर ते खोटं लिहिलं असं नाई होत?"

"काकू, तुमचाच शब्द लावा ना," मी म्हणालो. "समजा, इथं एक शेकडा म्हणजे शंभर. एवढी एक ओळ वरती लिहा. समजा म्हटलं की खोटं होत नाही. फक्त ते त्या उदाहरणापुरतं असतं. बाहेर तुमचा शेकडा तुमचाच."

काकूंनी सुतळीचं टोक दातात धरून तोडलं. "पुस्तकातला व्यापारी पाच जुड्या खाऊन बसला हाये," त्या म्हणाल्या. मग जुडी ढिगावर टाकत, "माहंच औषध मलेच पाजून राह्यला तू." त्या हसल्या की नाही, ते मला नक्की सांगता येणार नाही. पण संध्याकाळी पल्लवी आमच्याकडे वही घेऊन आली. तिच्या आईनं पाठवली होती, तपासून द्या म्हणून. बारा उदाहरणं होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक ओळ. समजा, पोत्याचे वजन धरलेले नाही. समजा, आडत व हमाली नाही. समजा, एकही जुडी खराब निघाली नाही.

मार्चमध्ये त्यांचा पेपर झाला त्या दिवशी सासूबाई काठी घेऊन बाजारात गोणपाटावर बसल्या होत्या, असं आईने सांगितलं. कोणालाही भाव कमी करून दिला नाही म्हणे. संध्याकाळी काकूंचा फोन आला. "शेकडा आलाच नाई बे पेपरात. केळीवाला आला होता. म्या लिहून टाकलं, समजा, एक डझन म्हंजे बारा केळी." मी म्हणालो, चांगलं केलं. तपासणारा थोडा हसला असेल, पण मार्क कापायचं त्याला काही कारण नव्हतं.

निकाल लागला तेव्हा माझी सेमिस्टरची परीक्षा चालू होती. काकूंचा बैठक क्रमांक मी घेतलाच नव्हता, घाबरून. आईला फोन केला. ती म्हणाली, जेवला का. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. ती म्हणाली, "तुहे पेपर होऊ दे, मंग सांगतो. काकूनंच सांगतलं हाये, त्याले फोनवर काई सांगू नका." मी समजायचं ते समजलो. असं कोणी लपवतं ते का लपवतं, हे सगळ्यांना माहीत असतं. उरलेले दोन पेपर मी कसे लिहिले ते आठवत नाही. एवढं आठवतं की प्रत्येक उत्तराच्या आधी मी गृहीत धरलेलं सगळं लिहीत होतो, नको तिथेही.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी आईचा फोन आला की रिसोडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ पिशवी दिली आहे, स्टँडवरून घेऊन ये. पिशवी जड होती. होस्टेलवर आणून खाटेवर रिकामी केली. काकूंच्या विहिरीजवळच्या झाडाची लिंबं, आणि तळाशी वहीच्या पानाची घडी. अक्षर काकूंचंच होतं, दर शब्दाला थांबून लिहिलेलं.

'पेपर चालू असताना नाचत बसशील म्हणून कळवलं नाही. गणितात चव्वेचाळीस. पास. याच्यात समजा नाही. पल्लवीने गुणपत्रिका भिंतीला लावली आहे, तिची पुढच्या वर्षी खाली लागेल. लिंबं एक शेकडा पाठवली आहेत. मोजून घेणे.'

माझा खोलीतला मित्र म्हणाला, एवढ्या लिंबांचं करायचं काय. मी म्हणालो, थांब, आधी मोजू दे. खाटेवर दहा-दहाच्या रांगा लावल्या. दहा रांगा भरल्या, आणि पिशवीच्या कोपऱ्यात अजून पाच लिंबं होती.